कर्नेलमधलं भोक

"कशालाही हात लावू नकोस! आधी सांग, आत शिरलंय का कुणी?"

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. शेजारी कीबोर्डपाशी बसलेली त्यांची मदतनीस म्हणाली, "नाही साहेब. बाहेरची वायर मी आधीच काढून ठेवलीय."

"शाब्बास! डोकं आहे तुला."

प्रकरण साधं नव्हतं. कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा, आणि त्यातल्याच एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे जोडलेल्या सुट्या भागात, भोक. कुठल्याही साध्या खात्यातून आलेला माणूस तिथून घुसून थेट मालक होऊन बसणार. आणि या सर्व्हरवर अख्खा दवाखाना. कुणाला कोणतं औषध, कुणाचा रक्तगट कोणता, सगळं इथंच. कुणी उलटसुलट केलं तर माणसं जिवाला मुकतील.

"नवं कर्नेल टाकून रीस्टार्ट करू या?" तिनं विचारलं.

"वेडी आहेस का! भर कामाच्या वेळी? वॉर्डातले डॉक्टर काय हवेत बघून औषध देणार? रीस्टार्ट रात्री. आत्ता ते मॉड्यूल आपण वापरतो का? नाही ना? मग उतरव खाली. आणि..."

"...पुन्हा चढू नये म्हणून अडवून ठेवते," ती म्हणाली. तिची बोटं चालू झालीच होती.

पोरगी तयार झाली, साहेबांना वाटलं. नाहीतर एकेक नग येतात! फक्त सर्व्हरच्या खोलीला खिडकी कुणा दीडशहाण्यानं ठेवली, ते काही कळेना. ऊन थेट यंत्रावर. समोरच्या गच्चीत तर कुणाचे तरी कपडे वाळत होते. "उद्या त्या बांधकामवाल्याला फैलावर घेतो," ते पुटपुटले. "हं, आता साध्या खात्यातून घुसून बघ."

तिनं बघितलं. "परवानगी नाही म्हणतंय."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. चेहरा कसा फुलला होता.

"वाचला दवाखाना! माझ्याशिवाय पान हलत नाही बघ तुमचं."

"नाहीच हलत," ती अगदी मनापासून म्हणाली.

ते हात धुवायला गेले. तिनं त्या जुन्या, कुठल्याच दवाखान्याला न जोडलेल्या यंत्रात मॉड्यूल पुन्हा चढवलं, अडवणूक पुसली, भोक कालच्यासारखंच उद्यासाठी उघडं करून ठेवलं, आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "आई, बाबांचं झालं गं आजचं. पानं घे."