सरांचा नियम

तिने मधली प्यादी सोडून कडेचं प्यादं पुढे सरकवलं, तसं पटापलीकडच्या सरांनी नाक मुरडलं. “अजून कडेकडेनेच का? भित्री ती भित्रीच!” लहानपणी क्लासात तिचा सोंगटीला चुकून हात लागला, तरी सरांची पट्टी सपकन बोटांवर बसायची. “हात लावलास ना? आता चालव!” आज सरांनी बेधडक प्यादी मधोमध घुसवली आणि वजीर उचलला. तेवढ्यात कोपऱ्याजवळ दबा धरून बसलेला तिचा उंट त्यांना दिसला. वजीर हलला की मात ठरलेली. त्यांनी तो गुपचूप जागेवर ठेवला. तिने पंचांना बोलावलं. “नुसता नीट लावत होतो,” सर गुरकावले. “ही पहिल्यापासून खोटारडी!” “कुणी पाहिलं?” पंचांनी विचारलं. शेजारच्या पटावरचा खेळाडू, सरांचाच जुना विद्यार्थी, बोटं चोळत उठला. “मी!” ती म्हणाली, “हात लावलात ना, सर? आता चालवा!”