दोन शलाका

तह झाला आणि सोडलेलं क्षेपणास्त्र परत बोलवायची वेळ आली. कुठल्याही फोनवर आपल्या नावाची हाक ऐकली की ते तिथे जाऊन कोसळणार. म्हणून भर समुद्रातल्या रिकाम्या बोटीवरून हाक जाणार होती. क्षेपणास्त्राचं नाव ते बनवणाऱ्या वैजयंतीनेच ठेवलेलं, शलाका, म्हणजे टोकदार काडी. ते तिला इतकं आवडलं की बारशाला आत्या म्हणून तिने भाचीच्या कानातही तेच सांगितलं.

तिने घाईने घरी फोन लावला. “वहिनी, आज पोरीला नावाने...”

“थांबा वन्सं, तिच्याशीच बोला.” वहिनीने फोन हातात धरूनच अंगणाकडे हाक मारली, “शलाका, आत्याचा फोन गं.”

अंगणातून पोरीने ओ दिली. वैजयंतीच्या पडद्यावरचा ठिपका समुद्र सोडून गावाकडे वळला. दुसरीनेही ओ दिली होती.