प्रमुख पाहुण्या

"प्रमुख पाहुण्यांनी आसनस्थ व्हावं!" केतकी ओरडली आणि अख्खा कराटेचा वर्ग खिदळला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून नुसती बघायचे. सरांनी सांगूनच ठेवलं होतं, सगळ्यांसारखं गुडघे टेकून नमस्कार जमला, की मॅटवर ये.

आज मी खुर्चीकडे गेलेच नाही. तडक रांगेत, माझ्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिले.

सरांनी भुवया उंचावल्या. "डॉक्टर काय म्हणाले?"

"बस म्हणाले, सर. पण हळू."

बाकीचे फटाफट खाली बसले. मी आधी चांगला गुडघा टेकवला, मग दुसऱ्याची मनधरणी करत इंचाइंचाने खाली आले. कुणीच हसलं नाही. सरही वाकायचे थांबले होते. शेवटी टेकले एकदाची टाचांवर! गुडघा कुरकुरला, पण ऐकलं त्याने. नमस्काराला कपाळ मॅटला लागलं, तेव्हा त्या रबराचा घामट वाससुद्धा मला इतका आवडला म्हणून सांगू!

मग सगळे उठले. मला मात्र उठताच येईना. केतकी धावत जाऊन तीच खुर्ची घेऊन आली आणि माझ्यापुढे घट्ट धरून उभी राहिली. खुर्चीचे हात पकडून मी कशीबशी उठले.

"प्रमुख पाहुण्यांनी आता दोन शब्द बोलावेत," ती कानाशी कुजबुजली.

मी दोनच बोलले. "पुन्हा बसू?"