डावीकडचा स्पर्श

सुनेत्राच्या स्तनवृद्धीच्या शस्त्रक्रियेला महिना झाला होता. स्तनाग्राभोवती छेद घेताना तुटलेल्या नसांच्या जागी डॉक्टरांनी चिप बसवली होती. त्या नसांनी आजवर अनुभवलेलं सगळं त्या चिपमध्ये आधीच उतरवून घेतलं होतं.

“डोळे मिटा. दोरा टेकला की सांगा,” स्पर्श कळतो का ते तपासताना सिस्टर लोपीस म्हणाल्या.

“टेकला,” सुनेत्रा लगेच म्हणाली. “डावीकडे. आता ओढतोय.”

सिस्टरांच्या हातातला नायलॉनचा दोरा अजून हवेतच होता.

“चिपला जुनंच काहीतरी आठवतंय. ते पुसून टाकते, म्हणजे आताचं नीट कळेल.”

सुनेत्राचा निनाद चाळीस दिवसांचा असताना गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. तिने डावा हात कोपरात वाकवून अलगद छातीशी धरला.

“थांबा हो,” ती कुजबुजली. “पोट भरू दे त्याचं.”