मिल्काबद्दल दोन शब्द

आमच्या ज्यू सुतकाच्या रीतीप्रमाणे घरातल्या आरशावर पांढरी चादर होती आणि मी सहा दिवस चटईवर बसून होतो. बायको गेली तरी रडू येत नव्हतं. लोक डबे आणायचे, मी जेवायचो.

"उद्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर मिल्काबाईंबद्दल दोन शब्द बोला," सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारे हझान सांगून गेले.

भाची सिफ्रा समोर बसली. "मला सांगून बघा मामा. कशी होती मामी?"

"आळशी नव्हती. कुणाचं वाईट चिंतायची नाही. खोटं बोलता यायचं नाही तिला."

"अहो, ती काय नव्हती ते झालं हे. होती कशी?"

मी समोरच्या डब्याचं झाकण लावत बसलो.

आयुष्यभर मी कॉलेजात ज्यू तत्त्वज्ञान शिकवलं. ग्रीक विचार वाचून शहाणे झालेले आमचे जुने तत्त्वज्ञ म्हणत, देव कसा आहे हे सांगता येत नाही. तो काय नाही, एवढंच सांगता येतं. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, सगळं नाही-नाही म्हटल्यावर उरतं काय?"

"मौन. तीच खरी स्तुती," मी सांगायचो. पोरं ते पेपरात लिहून मार्क मिळवायची. मला मात्र ती कायम पळवाट वाटायची.

दुसऱ्या दिवशी घरातली प्रार्थना संपली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभा राहिलो. खिडकीत तिचा चष्मा अजून तसाच होता. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खाली बसलो.

सिफ्राने पाठीवर हात ठेवला. "असू दे मामा. नंतर बोला."

"बोलून झालं," मी म्हणालो.