हळदीच्या पाल्याचं ताट

"गळलं तर मला सांगू नका," गुलाबचंद टेम्पोच्या फळीवर बसल्या बसल्या म्हणाला. "पर काळजी नको. माझा माल हितंच उभा हाय. पांढराशुभ्र."

"तुमचा माल उभाच राहू द्या, शेठ," अनुसूया म्हणाली आणि ताटांची चवड छातीशी धरून मांडवात शिरली.

पुसेगावच्या सप्त्याचा शेवटचा दिवस होता. आधी काल्याचं कीर्तन, मग पंगती. दरवर्षी पंगतीला गुलाबचंदच्या दुकानातली थर्माकोलची ताटं यायची आणि जेवणं झाली की उष्ट्यासकट ओढ्याकाठच्या खड्ड्यात जायची. गेल्या साली त्याच खड्ड्यात तोंड घालून अनुसूयाची कपिला गाय फुगली. वाचली नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतून पांढरे तुकडे निघाले.

त्यानंतर अनुसूयानं गोठ्यातच यंत्र बसवलं. हळद काढल्यावर लोक जो पाला बांधावर पेटवून देतात, तो ती गोळा करायची, भिजवून त्याचा लगदा करायची आणि तापलेल्या साच्यात दाबायची. ताट निघायचं फिकट पिवळं, दिवेलागणीच्या आभाळासारखं. त्यावर गरम भात पडला की ओल्या हळदीच्या पानाचा वास दरवळायचा. जेवण झाल्यावर गाईपुढं टाकलं तरी चालायचं.

सप्त्याचे प्रमुख सूर्यकांतराव म्हणाले होते, "लोकांनी हे ताट घेतलं, तर आजूबाजूच्या समद्या सप्त्यांना तुझंच सांगतो. न्हाई घेतलं, तर पुन्हा गुलाबचंद. मग मला गळ घालायची न्हाई, बाई."

आणि लोक तर आत्तापासूनच नाकं मुरडत होते. शेजारच्या नर्मदाबाईंनी ताट उलटंपालटं करून पाहिलं.

"पाल्यात जेवायला आमी काय शेळ्या हाव का गं?"

बाया खो खो हसल्या. अनुसूयाही वरवर हसली. ती तडक ग्यानबा महाराजांकडे गेली. महाराज कीर्तनाला उभं राहण्यासाठी उपरणं सावरत होते.

"महाराज, लोकं माझ्या ताटाला हसून राहिले. तुमी दोन शब्द बोलले, तर ऐकतील."

महाराजांनी ताट हातात घेतलं. नाकाशी नेलं. त्यांचे डोळे आपोआप मिटले.

"बोलतो की, माय."

मृदंगावर थाप पडली. अनुसूया मांडवाच्या खांबाला टेकून बसली. आठवडाभर ती यंत्रापाशी जागली होती. चैत्राचं ऊन मांडवाच्या कापडातून झिरपून केशरी होऊन खाली उतरत होतं. टाळांचा नाद जवळ येई, लांब जाई. महाराजांचा आवाज चढत गेला, आणि रंग भरात असतानाच त्यांनी ते पिवळं ताट डोक्यावर उचलून धरलं.

"हळद देवाच्या कपाळी लावता. नवरीच्या अंगाला लावता. लेकरू पडलं की जखमेवर भरता. आणि तिची पानं? ती जाळता! अरे, त्या जळत्या पानांना या लेकीनं पदराखाली घेतलं. याला ताट म्हणू नका बाबांनो. ही भूमाता हाय. आज ती तुमच्या हातावर येऊन बसणार हाय. तिला सांभाळा!"

सगळ्या मांडवानं विठ्ठलनामाचा गजर केला. नर्मदाबाई पदरानं डोळे टिपू लागल्या. माणसांनी बसल्या जागेवरून ताटाला हात जोडले.

अनुसूयाला भरून आलं. डोळे वाहिले आणि वाहता वाहताच मिटले. टाळ आता ओढ्यापलीकडून ऐकू येत होते. हळदीच्या पिवळ्या पानांत ती चालत होती. पुढं कपिला चरत होती, पाठीवर ऊन घेऊन, सावकाश.

जाग आली तेव्हा मांडव रिकामा होता. सावल्या लांबल्या होत्या. हवेत बुंदीचा वास होता. ताटांची चवड होती तिथं आता नुसती सतरंजी दिसत होती.

"अनुसूये!" सूर्यकांतराव कढईपाशी उभे राहून हाक मारत होते. "तुझं एकबी ताट उरलं न्हाई! लोकं लेकरांच्या वाट्याचं वेगळं मागून राहिले होते."

"कुठं गळलं न्हाई ना?"

"गळायची बातच न्हाई. शब्द दिला तुला. समद्या सप्त्यांना तुझंच ताट."

तिनं मांडवाच्या दारात पाहिलं. गुलाबचंदचा टेम्पो नव्हता. रुसून गेला असेल, म्हणून तिला हसू आलं. मग आपली ताटं गाई कशा खातात हे डोळ्यांनी बघावं म्हणून ती ओढ्याकडे निघाली. पाय जमिनीवर नसल्यासारखे पडत होते.

खड्डा काठोकाठ पांढरा भरला होता.

एक कालवड त्यात तोंड घालायला वाकली होती. अनुसूयानं ओरडून तिला हुसकलं आणि तशीच गोठून उभी राहिली. मागून नर्मदाबाई आल्या. पदराआड त्यांनी काहीतरी तान्ह्या लेकरासारखं धरलं होतं. त्यांनी पदर बाजूला केला. आत पिवळं ताट होतं. कोरं, भाताचं शीतसुद्धा न लागलेलं, मधोमध कुंकवाचं बोट.

"देव्हाऱ्यात ठेवते बघ," त्या हळूच म्हणाल्या. "समद्यांनीच तसं ठरवलं. गुलाबचंद होता म्हणून बरं झालं, पोरी, न्हाई तर भूमातेला उष्टं करावं लागलं असतं."