दहा सेकंद

समीक्षाच्या हळदीला पडद्यावर दाखवायचा व्हिडिओ तिचा भाऊ वाल्मिक मोबाइलवर जोडत होता.

"दादा, सगळे फोटो चार-चार सेकंद ठेव. म्हशाच्या जत्रेतला तेवढा एकच सेकंद कर."

"का गो?"

"नुसती गर्दी हाय त्यात."

वाल्मिकने नेमका तोच फोटो दहा सेकंदांचा केला आणि मोबाइल तिच्यासमोर धरला. आकाशपाळण्यापुढे घरातली सगळी उभी होती, मागे माणसंच माणसं. समीक्षाची नजर डाव्या कोपऱ्यात गेली आणि फोटो बदलेपर्यंत तिथून हलली नाही.

"कोण हाय तो?"

तिने उलट विचारलं, "तुला काय दिसलं फोटोत?"

"फोटो मी बघितलाच नाय. तुला बघत होतो. हळदीला अजून आठ दिवस हायेत, समे. बोल."